अळंबीच्या कोठीची आग आणि लोणच्यावरचं वजन

ओसेगी,
नदीच्या अलीकडच्या काठावरून

तीर्थरूप आक्का,

तोमेझोचा कमरेत वाकून नमस्कार. (कंबर आजकाल एका मर्यादेच्या खाली जात नाही, तेवढं सांभाळून घे.) उन्हाळा अगदी रंगात आला आहे, झाडांवरचे किडे सकाळपासून कोकलत असतात. इकडे मी, तुझी भावजय आणि मांजर असे सगळे मजेत. तिकडचं क्षेमकुशल कळवावं असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. एरवी तू खुशाल आहेस हे मला खिडकीतून दिसतंच आहे. आत्ता तू दाजींची विजार दोरीवर घालते आहेस, आणि ज्या जोराने ती झटकते आहेस त्यावरून तब्येत उत्तम आणि राग शाबूत आहे असं दिसतं.

समोरासमोर घरं असताना हा मला पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटेल. फोन केला तर माझं नाव ऐकताच तू ठेवून देतेस. पूल ओलांडून आलो तर दार लावून घेतेस. नदीवरून ओरडावं तर तू ओरडून सांगितलंस की मला काही ऐकू येत नाही. मग उरलं टपाल. गेनपेईला म्हटलं, तू रोज पूल ओलांडून आपल्या मावशीकडे जेवायला जातोस, जाता जाता आक्काच्या हातात एवढं पाकीट दे. तर तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “तोमेदादा, मी टपालखात्याचा माणूस आहे. तिकीट लावा, पेटीत टाका.” म्हणजे आता हे पत्र गेनपेई आमच्या पेटीतून काढणार, ते डोंगर उतरून वाकायामा शहराला जाणार, तिथे शिक्का खाणार, मग तुमच्या मिए प्रांताच्या मुख्य टपालात दुसरा शिक्का खाणार आणि तीन दिवसांनी तुमचा टपालवाला ते तुला आणून देणार. माझ्या अंगणातून भिरकावलेला दगड तुझ्या अंगणातल्या कावळ्याला लागतो. पण पत्राला दोन प्रांत हिंडून यावं लागतं.

मला याचं वाईट वाटत नाही, हे आधीच सांगतो. उलट अभिमानच वाटतो. प्रांत आखायला साहेब लोक आले तेव्हा आपल्या पणजोबांनी त्यांना नदीकाठी नेलं, ओंडक्यांचा तराफा दाखवला आणि विचारलं, हा कुठे जातो? साहेब म्हणाले, समुद्राकडे, वाकायामात. पणजोबा म्हणाले, मग आम्हीही तिथलेच. झालं. चारी बाजूंना मिए आणि नारा, आणि मधोमध आम्ही, भातात रोवलेल्या उमेच्या आंबट फळासारखे. (तुमच्या काठाच्या लोकांनी पाण्याचा हिशेब न करता बाजाराच्या वाटेचा केला आणि मिएत गेले. त्यांचं तसंच चालायचं.) तेव्हापासून टीव्हीवर आमच्या नावाने जे हवामान सांगतात ते समुद्रकाठचं असतं, गेल्या वर्षी इथे पुलाला पाणी लागलं तेव्हा टीव्हीवर आमच्याकडे स्वच्छ ऊन होतं. निवडणुकीला उमेदवार कर्णा लावून निघतो, पण वाटेत दुसऱ्यांचे प्रांत लागतात म्हणून तासन्‌तास गप्प बसून येतो, आणि आमच्या हद्दीची पाटी दिसली की एकदम असा ओरडतो की कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात. पाय मुरगळला तर रुग्णवाहिका तुमच्याकडून येते, दात दुखला तर नाराला जावं लागतं, आणि बायको तर आमच्यापैकी निम्म्यांनी पुलापलीकडूनच आणली आहे. तुला मात्र आम्ही पुलापलीकडे दिलं, तेव्हा हिशेब बरोबर आहे.

फक्त एक गोष्ट आमची स्वतःची होती आणि आहे, ती म्हणजे गावचं बंबपथक. बाबांनी ज्याचा झेंडा खांद्यावर घेऊन पुरात आणि वणव्यात मिरवला ते. यंदा वसंतात प्रांताच्या ठिकाणाहून निरोप आला की ओसेगीच्या पथकात आता चारच माणसं आहेत, त्यातला सर्वांत तरुण अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे (गेनपेई, त्याने ते ऐकून आठवडाभर केस रंगवले), तेव्हा पथक बंद करून आगी विझवायचं काम पुलापलीकडच्या कुरितानी गावाला का सोपवू नये? म्हणजे इनोसुके दाजींना! आक्का, तुझे यजमान म्हणून मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण बाबांचा झेंडा गुंडाळून तो दाजींच्या कपाटात, त्यांच्या मासे पकडायच्या गळांशेजारी ठेवायचा? मी फोनवर साहेबांना बरंच बोललो. शेवटी ते म्हणाले, बरं, उन्हाळ्यातल्या कवायतीच्या स्पर्धेत उतरून दाखवा. नंबर नको, नुसते उतरा. मग पथक राहील.

तुला माहीतच आहे, ही स्पर्धा म्हणजे आगीची नव्हे, शिस्तीची. पांढरे हातमोजे, काटकोनात धावणं, सलाम, आरोळी, हौदातून पंपाने पाणी ओढायचं, तीन पाइप जोडायचे आणि समोर उभी केलेली फळी पाण्याच्या माऱ्याने पाडायची. आम्ही तीन महिने शाळेच्या मैदानावर घाम गाळला. (शाळेत मुलं दोनच आहेत, त्यामुळे मैदान मोकळंच असतं.) मी हुकूम देणारा, गेनपेई तोटी धरणारा, तोफूवाला शोइची पाइप पसरणारा, आणि एकाहत्तर वर्षांचे किसाबुरोकाका पंपाजवळ. काकांना डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून मी सगळे हुकूम उजवीकडून देत असे. गेनपेईने फळी पाडायची अशी सवय लावून घेतली होती की रस्त्यात कुठेही चौकोनी काही उभं दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. अख्खं गाव संध्याकाळी बघायला जमायचं आणि तुझ्या काठावरून तुम्ही लोक टाळ्या वाजवायचा. त्या कौतुकाच्या होत्या की टवाळीच्या, हे इतक्या अंतरावरून कळत नसे. आम्ही कौतुकाच्या धरल्या.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी झेंडा लावून, पंप गाडीत घालून आम्ही निघालो. पूल ओलांडला. (आमच्या प्रांताच्या राजधानीला जायचं तरी पहिलं पाऊल परप्रांतात पडतं, याला इलाज नाही.) आणि पुढे जे झालं ते तू पाहिलंस, पण तू ते उमेच्या बाजूने पाहिलंस. आता पथकाच्या बाजूने ऐक.

वळणावर किसाबुरोकाका म्हणाले, “तोमे, तुझ्या बहिणीकडे आज सकाळीच अळंबी वाळवायला घेतली वाटतं. धूर बघ.” मी बघितलं. अळंबी वाळवताना धूर धुराड्यातून येतो. हा कोठीच्या छपरातून येत होता. त्याच दिवशी मिएचीही स्पर्धा, म्हणून दाजी आपलं सगळं पथक आणि पंप घेऊन पहाटेच गेलेले. गावात बाया, म्हातारे आणि भिंतीवरच्या पेटीत ठेवलेले दोन पाइप, एवढंच. थांबलो तर स्पर्धा बुडते, आणि स्पर्धा बुडाली तर पथक जातं, हे चौघांनाही माहीत होतं. शोइची एवढंच म्हणाला, “तोफू जसा थांबत नाही तशी आगही थांबत नाही.” (त्याचा अर्थ त्याला विचारू नकोस.) मी गाडी तुझ्या अंगणाखालच्या ओढ्याजवळ घेतली.

आता आमची चूक सांगतो, कारण तुझा अर्धा राग त्यावर आहे. आम्ही तीन महिने फक्त कवायत केली होती. त्यामुळे आग समोर असताना आम्ही आधी रांगेत उभे राहिलो. मी आकडे म्हणायचा हुकूम दिला, त्यांनी आकडे म्हटले. मग किसाबुरोकाकांनी कोठीला सलाम केला. तू तेव्हा पायरीवरून जे ओरडलीस (“मुडद्यांनो, ती पाहुणी नाही, पेटली आहे!”) ते मला ऐकू आलं होतं, पण क्रम चुकवला तर गुण कापतात हे अंगात इतकं भिनलं होतं की पाय आपोआप काटकोनात वळत होते. पंप सुरू झाला, तीन पाइप जोडले, गेनपेईने तोटी रोखली. पाणी कोठीपर्यंत पोचेना. अंगणापर्यंत मात्र व्यवस्थित पोचलं. आणि अंगणात, उन्हात, बांबूच्या तीन चौकोनी परड्या तिरक्या टेकवून तू वर्षभराचं उमेचं लोणचं वाळत घातलं होतंस.

गेनपेईची बाजू मी घेत नाही. पण एवढं म्हणतो की त्याने त्या तिन्ही परड्या एकेका झटक्यात, ओळीने, डावीकडून उजवीकडे पाडल्या आणि तिसरी पडताच “लक्ष्य पडलं!” अशी स्वच्छ आरोळी ठोकली. सबंध मोसमात त्याला इतकं नेमकं जमलं नव्हतं. ती उमे आईच्या पद्धतीने खारवलेली होती, मिएत राहून तू वाकायामाची चव राखली आहेस, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडची सोडून दुसऱ्या कोणाची उमे ओढ्यातून वाहत गेली असती तर मी इतकं लांब पत्र लिहिलं नसतं.

त्यानंतर तू स्वयंपाकघरात गेलीस आणि हाताला लागलं ते उचलून माझ्याकडे भिरकावलंस. ते लोणच्याच्या पिंपावरचं वजन होतं, पितळेचं, हिरवं पडलेलं, बशीएवढं जाडजूड कडं. ते माझ्या हेल्मेटवर बसलं. (नेम घराण्यात आहे, हे यावरून सिद्ध होतं.) मी खाली बसलो. तेवढ्यात शोइची तुमच्या पेटीतले दोन पाइप घेऊन आला आणि रडायच्या बेतात म्हणाला की हे जुळत नाहीत. ते जुळणार नव्हतेच. आमच्या पाइपांना आटे आहेत, पिळून बसवायचे. तुमचे खटकन दाबून बसवायचे. अशा गोष्टींतच दोन प्रांतांना आपलं वेगळेपण जपायचं असतं. पण किसाबुरोकाका माझ्या डोक्याकडे न बघता जमिनीवरचं कडं उचलून बघत होते. म्हणाले, “अरे, याला एका बाजूला आटे आहेत आणि दुसऱ्या बाजूला खाच आहे. हे तुझ्या बापाचं आहे रे!”

मग मला आठवलं आणि तुलाही आठवलं असणार. तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तुमच्या देवळाचा नगारखाना जळाला. बाबा पथक घेऊन धावले, पण पाइप जुळले नाहीत म्हणून पुलावर उभे राहून बघत बसावं लागलं. दुसऱ्या वर्षी मुलीचं लग्न त्याच गावात ठरलं, तर त्यांनी शिंगूच्या लोहाराकडून हा सांधा बनवून घेतला आणि तुझ्या लग्नाच्या पेटीत, किमोनोंच्या वर, ठेवला. तू सासूसमोर किती ओशाळलीस! पुढे कित्येक वर्षं आईला म्हणायचीस की लोकांचे बाप मुलींना आरसा देतात, माझ्या बापाने नळाचा तुकडा दिला. बाबांना वाटलं असणार, मुलगी पुलापलीकडे चालली आहे, कधीतरी तिकडे आग लागेल आणि आपल्याला तिच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. तू त्याचं वजन केलंस. मीही तुझ्याकडे जेवताना त्याकडे शेकडो वेळा पाहिलं आणि लोणचं छान आहे एवढंच म्हणालो.

ते कडं मधे बसवलं. एकीकडून आमचा पाइप पिळला, दुसरीकडून तुमचा खटकन बसला. एक थेंब गळला नाही, आक्का! आईच्या लोणच्याचा थोडा वास सुटला, इतकंच. पाणी कोठीवर गेलं आणि आग विझली. एक कोपरा आणि छपराचा तुकडा गेला, बाकी अळंबी शाबूत. मग आम्ही पुन्हा रांगेत उभे राहून सलाम केला. या वेळी तू ओरडली नाहीस. आत जाऊन दार लावलंस, तेही हळूच, हे मी नोंदवून ठेवलं आहे.

स्पर्धेला पोचलो तेव्हा तंबू उतरवत होते. आम्ही चौघे काळे, ओले, हातमोज्यांचा रंग सांगण्यासारखा नाही. तरणाबांड अधिकारी हेल्मेटला पडलेला पोचा बघून म्हणाला, “हे काय?” मी म्हटलं, “आग विझवताना झालं.” “आगीने पोचा पडतो?” “बहिणीने पाडला.” मग त्याने आग कुठे होती ते विचारलं. कुरितानीला म्हटल्यावर म्हणाला, “काका, ते मिए. तिथल्या आगीशी आपला संबंध नाही.” आक्का, मी कधी आवाज चढवत नाही, पण तेव्हा चढवला. म्हटलं, साहेब, तिथल्या पाण्याशी संबंध आहे, तिथल्या दवाखान्याशी आहे, तिथल्या जावयाशी आहे, माझ्या बहिणीची चूल तिथे आहे, मग नुसत्या आगीनेच काय पाप केलं? तो पोरगा भला होता. थोडा विचार करून म्हणाला, असं करू, शेजारच्या प्रांताच्या मदतीला धावून गेलात असं मानू, तेही उतरण्यातच धरता येईल. फक्त तिथल्या पथकप्रमुखांनी सांगायला हवं की हो, आग होती.

तिथला पथकप्रमुख म्हणजे इनोसुके दाजी. दुसऱ्या दिवशी त्याने दाजींना फोन केला. आणि दाजी म्हणाले, “आग? कसली आग? अळंबी वाळवताना धूर होतोच.”

मी त्यांना दोष देत नाही. स्वतः पथकप्रमुख, त्या दिवशी मिएच्या स्पर्धेत तिसरा नंबर मिळवून, करंडक मांडीवर घेऊन, गावभर भोंगा वाजवत परत आले, आणि दारात बघतात तो आपलीच कोठी ओली. विझवली कोणी, तर वाकायामावाल्यांनी! अशा वेळी कुठल्याही स्वाभिमानी माणसाला तो धूरच वाटेल. मीही त्यांच्या जागी असतो तर धुकं म्हटलं असतं.

असो. दाजींना माझा नमस्कार, आणि करंडकाबद्दल अभिनंदन. (तिसरा नंबर काही वाईट नाही, चौथ्यापेक्षा बराच चांगला.) उन्हातान्हात जास्त फिरू नकोस. मांजर तुझी आठवण काढतं.

तुझा धाकटा,
तोमेझो

ता. क. वरचं सगळं सहज म्हणून लिहिलं. काम असं काही नाही. फक्त दाजींनी अधिकाऱ्याला एकदा एवढंच म्हणावं की आग होती. मोठी होती असं म्हणायला नको. “होती” एवढं पुरे. नाहीतर या महिनाअखेर बाबांचा झेंडा त्यांच्या गळांशेजारी जाईल, आणि गळाला गाळाचा वास येतो.

ता. क. २. तुझ्या भावजयीने तिच्या उमेतल्या भरलेल्या तीन परड्या काढून ठेवल्या आहेत. गेनपेई त्या तीन दिवसांनी, पत्राबरोबरच घेऊन येईल. परड्या तो गेनपेई म्हणून आणतो आहे, टपालवाला म्हणून नाही, त्यामुळे तिकीट लागत नाही. त्याला आत घे. आणि चौकोनी काही समोर उभं ठेवू नकोस.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात दाजी स्वतः पूल ओलांडून आले. पूर्ण गणवेशात. दारात सलाम केला, मीही केला, दोघांनाही पुढे काय करायचं सुचेना, म्हणून चहा प्यायलो. मग त्यांनी सांगितलं की त्या दिवसापासून तू त्यांच्यापुढे नुसता पांढरा भात ठेवते आहेस, सोबत काहीही नाही, आणि विचारलं तर म्हणतेस, “उमे धुरात गेली. आग लागली असती तर वेगळं.” म्हणजे मी सांगायच्या आधीच तू कामाला लागली होतीस! हे पत्र लिहायची गरजच नव्हती. पण तिकीट लावून झालं आहे.

ता. क. ४. दाजींनी आमच्याच घरून अधिकाऱ्याला फोन केला. पण एकदा आग कबूल करायचीच तर ती लहान कशी कबूल करायची, असा पेच त्यांना पडला. लहान आगीत कोठीचा कोपरा जाऊ देणारा पथकप्रमुख कसला? म्हणून त्यांनी ज्वाळा देवदाराच्या शेंड्यापर्यंत नेल्या. ऐकता ऐकता मीही घाबरलो. अधिकारी इतका भारावला की म्हणाला, पथक राहीलच, पण पुढच्या आठवड्यात मी स्वतः ती जागा बघायला येतो. आता दाजी तुझ्या कोठीचे उरलेले तीन कोपरे जरा काळे करावेत अशा विचाराने घरी परतत आहेत. मला खिडकीतून दिसताहेत, पुलाच्या मध्यावर पोचले. त्यांना आवर. हे मी लगेच नदीवरून ओरडूनही सांगणार आहे, पण माझं ओरडणं तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहूनही ठेवतो.

साहेब आले की त्यांना भात आणि आईच्या पद्धतीची उमे वाढ. कडं घासू नकोस, हिरवं आहे तसंच पिंपावर राहू दे. मी दाजींना म्हटलं की ते आमच्या गाडीत ठेवतो. ते म्हणाले आमच्या पेटीत. शेवटी ठरलं की जिथे दोन्ही पथकं विचारल्याशिवाय पाऊल टाकायला घाबरतात अशा जागीच ते सुरक्षित. आणि दाजी आवरले नाहीतच, तर वेळेवर हाक मार. या वेळी सलाम नंतर करू. पाइप आमच्याकडे आहेत, कडं तुझ्याकडे.